पिशवीचा कोट

१

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती सात वर्षांची असताना मावशीने ते ठेवलं, कारण अंगाने काडी आणि बोलण्याला टोक. आता चाळिशी उलटली, कानाशी केस पांढरे झाले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाइकं तोंडावर 'टेलरबाई' म्हणत आणि पाठ वळली की 'टाचणी'. तिला दोन्ही ऐकू यायचं. तिच्या कानांत काही दोष नव्हता, आणि जिभेत तर मुळीच नव्हता.

पुढची खोली म्हणजे दुकान, मागची खोली म्हणजे घर, मधे एक पडदा. मागच्या खोलीत मावशी अंथरुणाला खिळली होती. दुकान मूळचं तिचंच. तिच्या हातचा कोट घातला की वाकलेला माणूसही ताठ दिसतो, असं लोक म्हणायचे. आईविना पोर म्हणून टाचणीला तिनेच वाढवलं, तिनेच मशीनवर बसवलं, आणि पहिलं काज चुकलं तेव्हा बोटांवर पट्टीही तिनेच मारली. आता तिची स्वतःची बोटं आखडली होती आणि पाय गार पडायचे.

त्या थंडीत पायांनी फारच मनावर घेतलं. नर्सबाई एक दिवसाआड येऊन बघून जायच्या. पाय ऊबदार ठेवा, त्यांनी बजावलं होतं, गारठा वर चढला तर आपल्या हातात काही उरणार नाही. म्हणून टाचणीने रबराची गरम पाण्याची पिशवी आणली. सकाळी आठला भरायची, दुपारी चारला भरायची. दोन भाग पाणी, एक भाग मोकळा, हवा दाबून काढायची, बूच घट्ट. तिसऱ्याच दिवशी मावशीच्या पोटरीवर लाल चट्टा उठला, आणि मावशीला त्याचा पत्ताही नव्हता.

"नुसती पिशवी लावू नका," नर्सबाई म्हणाल्या. "वरून जाड कापडाचं कव्हर शिवा. तुम्हाला काय, हातचा मळ."

"शिवते. असं शिवते की पिशवीसुद्धा आरशात बघेल."

दुकानाच्या कोपऱ्यात एक दांडी होती. लोकांनी शिवायला टाकून परत न नेलेले कपडे तिच्यावर लटकत. सगळ्यांच्या मागे एक काळपट हिरवा लोकरी कोट होता. नऊ वर्षं झाली होती, ट्रायलला कोणी आलंच नव्हतं. पाठ आणि पुढची दोन पानं कच्च्या टाक्यांनी, म्हणजे पांढऱ्या दोऱ्याच्या लांबलांब टाक्यांनी जोडलेली, आणि बाह्या लावायच्या राहिलेल्या. मावशीचा नियम कडक होता: ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई नाही, आणि गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याच्या कापडाला कात्री नाही. टाचणीला तो नियम पाठ होता. पण पोटरीवरचा चट्टाही तिने पाहिला होता. नऊ वर्षं आला नाही, तो आता कसला येतोय?

कोटाला मापाची चिठ्ठी टाचलेली होती. छाती, पाठ, कंबर, बाही, सगळं मावशीच्या अक्षरात. 'गळा' लिहून पुढे जागा कोरी. नावही नव्हतं. टाचणीने चिठ्ठी खणात टाकली आणि कात्री चालवली.

पिशवीचं माप ती भरलेली असताना घ्यायचं. रिकाम्या पिशवीवर विसंबतो तो फसतो. घेर भरला एकोणीस इंच. टेप गुंडाळताना तिला हसू आलं. या रबराच्या ठकीला खांदे आहेत, गळा आहे, कंबरही आहे, हात तेवढे नाहीत. बूच मावशीला टोचू नये म्हणून तिने तोंड बाहेर ठेवलंच नाही, चारी बाजूंनी बंद असं पाकीट शिवलं, खालच्या बाजूला झडप आणि दोन बटणं. कडेला नारिंगी गोट लावला. मधोमध पिवळ्या कापडाचं फूल, त्याला रेशमाचा देठ. अस्तराला धरून असलेला पांढरा कच्चा टाका तिने तसाच राहू दिला. आतून कोण बघतंय?

मावशीने कव्हर दोन मुठींमधे दाबून डोळ्यांजवळ धरलं. तिला दिसायचं ते आता धुक्यातून दिसल्यासारखं.

"फूल छान उठलंय गं. कापड कुठलं?"

"होता एक तुकडा," टाचणी म्हणाली. मावशीशी ती क्वचितच खोटं बोलायची, त्यामुळे तिला ते नीट जमायचं नाही. पण मावशीने पुढे विचारलं नाही.

२

पहिल्या दिवशी दुपारी चारला टाचणी पिशवी काढायला गेली आणि तिने चटकन हात मागे घेतला. सकाळी आठचं पाणी, आणि हात लावू देईना!

"लोकर ती लोकर," ती खूश होऊन म्हणाली. "मावशी, आज गॅस वाचला बघ."

तिने पाणी बदललंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बूच उघडून पाणी बादलीत ओतलं, तर वाफ निघाली. चोवीस तास झाले होते. तिने मनाशी हिशेब मांडला: थर्मास नाही का ठेवत गरम? वर गोधडी आहे, खाली गादी आहे, मधे अस्सल लोकर आहे. यात अशक्य ते काय? शाळेत आठवीपर्यंत विज्ञान शिकलेल्या बाईला एवढं पुरेसं होतं.

पण मग तिने मावशीच्या पायांना हात लावला. पिशवी दोन बोटांवर होती, आणि पाय मात्र रात्रभर ओट्यावर राहिलेल्या पितळी तांब्यासारखे गार.

"मावशी, पिशवी पायाला लागते ना?"

"लागते की. चांगली गरम आहे."

"मग पाय का गार?"

"ते पायांना विचार. मी काय त्यांची वकील आहे?"

टाचणी हसली, पण मनात पाल चुकचुकली. तिने पालीला हाकललं, पाय खसाखसा चोळले आणि दुकान उघडलं.

३

पिशवीत पाणी भरताना ती कव्हर काढून दुकानातल्या कापायच्या टेबलावर ठेवायची. केटली तिथेच असायची. त्या दिवशी केटलीला वेळ लागत होता आणि समोर एक गिऱ्हाईक कॉलरवरून हुज्जत घालत होतं. कॉलर बोचते म्हणे. टाचणी त्याला सांगत होती की कॉलर बोचत नाही, मान जाड झाली आहे. बोलता बोलता तिच्या हाताला काम होतंच. कव्हरच्या दोन्ही कडांना खडूच्या रेघा होत्या, शिवणीपासून बोटभर बाहेर, वर दोन आडव्या खुणा. शिंप्याच्या धंद्यात या खुणेचा अर्थ एकच: इथवर सैल करा. तिने जुनी शिवण उसवली, आत दाबलेलं कापड सोडलं, खुणेवरून नवी शिवण मारली. गिऱ्हाईक फणकारत गेलं. पाणी उकळलं. कव्हर पिशवीवर चढवलं, तर ते अगदी चपखल बसलं.

संध्याकाळी केर काढताना जुन्या दोऱ्याचे तुकडे दिसले, तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. खडूच्या रेघा तिने मारल्याच नव्हत्या.

आणि कव्हर बोटभर सैल केल्यावर ते ढगळ व्हायला हवं होतं, चपखल नाही.

तिने टेप काढली, आत गेली आणि भरलेल्या पिशवीचा घेर घेतला. बावीस इंच. रबर आहे, गरम पाण्याने ताणतं, तिने स्वतःला समजावलं. तीन इंच? ताणतं म्हटलं ना!

"मावशी, माझ्या खडूला तू हात लावलास?"

मावशीने गोधडीतून आपला हात बाहेर काढला. बोटं मुठीत वळलेली, अंगठा आडवा. "मला चमचा धरता येत नाही, टाचणे. खडू काय धरणार?"

टाचणीला स्वतःचाच राग आला. तिने ती बोटं हातात घेऊन एकेक करून उलगडली, आणि तेल लावून देता देता तिच्या लक्षात आलं की हातही गार आहेत.

४

दुसऱ्या दिवशी तिच्या हातून जे झालं ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. दुकानात गर्दी होती. टेबलावर सहा कपडे, सातवं ते कव्हर. ती एकामागून एक खुणा बघत होती आणि कात्री चालवत होती. तीस वर्षं खडूच्या रेघेमागे चाललेला हात डोक्याला कशाला विचारतो? गर्दी ओसरली, तेव्हा तिच्या पुढ्यात कव्हर होतं, आणि त्याला वरच्या दोन कोपऱ्यांत दोन सुबक मुंढे होते. बाह्या जोडायला ठेवतात तसे, गोल, आतून वळवलेले. तिने त्यांना नारिंगी गोटसुद्धा लावला होता.

गरम पाण्याच्या पिशवीला मुंढे कशाला लागतात?

तिने कात्री खाली ठेवली. मग खडूचा डबा खणात टाकला, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली ब्लाऊजमध्ये खोचली. मुंढ्यांची भोकं तिने उलट्यासुलट्या टाक्यांनी बुजवून टाकली. पण टाके वाकडे पडू दिले नाहीत.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. रस्त्यावरही सामसूम होती. ती बटणं लावत बसली होती आणि पडद्यामागून आवाज आला. खस्स. थोडा वेळ शांत. पुन्हा खस्स, या वेळी लांब. जाड कापडावर चपटा खडू ओढल्याचा आवाज. सात वर्षांची असल्यापासून तो तिच्या कानात होता. झोपेतही तिने तो ओळखला असता.

तिने खण ओढून बघितला. कुलूप जागेवर होतं.

पडदा बाजूला सारून ती आत गेली तेव्हा मावशी डोळे मिटून पडली होती, दोन्ही हात गोधडीखाली. पायाशी उंचवटा. टाचणीने गोधडी उचलली. पिवळ्या फुलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन रेघांची फुली होती. हे काढून टाका.

ती घाबरली होती. पण फुली बघितली आणि भीतीच्या डोक्यावर राग चढून बसला. टाचणीचं असंच होतं. कामात कोणी खोट काढली की ती आगीवरही धावून गेली असती.

"फूल आवडलं नाही होय?" ती हळू आवाजात, दात आवळून म्हणाली. "तुझ्यासाठी नाही काढलं ते. माझ्या मावशीसाठी काढलंय. फूल राहणार."

तिने ओल्या बोटाने फुली पुसली. पिशवीतलं पाणी कोणीही न हलवता गुडगुडलं.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. पाय, पोटऱ्या, गुडघे, सगळं चाचपून झाल्यावर त्या पुढच्या खोलीत आल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या.

"टेलरबाई, गारठा मांड्यांपर्यंत आलाय. उद्यापर्यंत उतरला नाही तर हलवावं लागेल. आणि खरं सांगू का, या थंडीत, या वयात, हलवलेलं माणूस परत येतंच असं नाही."

"ती कुठेही जाणार नाही," टाचणी म्हणाली.

"माझ्यावर काय चिडताय?"

"तुमच्यावर नाही चिडले," टाचणी म्हणाली. ते खरं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरळ मार्ग धरला. कव्हर काढलं, घडी घालून कपाटाच्या वरच्या फळीवर चादरींखाली दाबलं. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळली. अर्ध्या तासात ती निवली, शहाण्या पिशवीने निवावं तशी. टाचणीला इतकं हायसं वाटलं की ती दोनदा पाणी बदलायला आनंदाने उठली. पाय अजून गार होते, पण निदान गुडघ्यांत थोडी धुगधुगी आल्यासारखी वाटली. दुपारी तिने पिशवी रिकामी करून न्हाणीघरातल्या खिळ्याला उलटी टांगली, म्हणजे आतून कोरडी होईल, आणि केटली चढवून मावशीला बघायला गेली.

पायाशी गोधडी उंच होती.

तिने बाहेरूनच हात ठेवला. गरम. तिने गोधडी वर केली. काळपट हिरवं कापड, नारिंगी गोट, पिवळं फूल. कव्हर भरलेलं होतं, गच्च, शिवणी ताणलेल्या. मुंढ्यांवरचे तिचे टाके एकेक करून उसवलेले होते, कोणी जाणत्या माणसाने उसवावेत तसे, दोरा न तोडता.

तिने मान वळवून न्हाणीघराकडे बघितलं. उघड्या दारातून खिळ्याला उलटी टांगलेली रबराची पिशवी दिसत होती. तिच्या तोंडातून एक थेंब खाली पडला.

मग याच्यात काय आहे?

"टाचणे," मावशी डोळे न उघडता म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता. "तू तो हिरवा कोट कापलास ना?"

टाचणीने मान हलवली, मग आठवलं की मावशीला ते दिसणार नाही. "हो."

"मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. हाताला लोकर ओळखू येते. म्हटलं, असू दे. पोर प्रेमाने करतेय."

"कोणाचा होता?"

"नाव सांगितलं नाही त्याने. भर दुपारी आला होता. टोपी पार खाली ओढलेली. थंडी वाजते म्हणाला, जाड शिवा. छाती घेतली, पाठ घेतली, सगळं सरळ." मावशी दम घ्यायला थांबली. "गळ्याचं माप घ्यायला टेप टाकली, तर ती अशी सरळ खाली पडली. अडकायला काही नव्हतंच. मी टेप उचलली आणि म्हटलं, गळ्याचं ट्रायलला बघू."

"मग?"

"मग काय? ट्रायलचा दिवस मी दिलाच नाही. नऊ वर्षं. तुझी मावशी काही कच्च्या गुरूची चेली नाही." ती हसल्यासारखं करत होती, पण ओठ निळे पडले होते. "पोटापर्यंत आलंय गं गार."

६

मावशीचं बोलणं संपलं आणि खस्स असा आवाज झाला.

टाचणी समोरच उभी होती. हात नव्हता, खडू नव्हता. कव्हरच्या वरच्या कडेला, मधोमध, पांढरी रेघ आपली आपण उमटत गेली. डावीकडून खाली, मग वळण, मग उजवीकडे वर. न थांबता, न थरथरता, एका दमात. तिला कबूल करावं लागलं की इतका साफ गळा तिने स्वतःही कधी आखला नव्हता. रेघेच्या टोकांना दोन बारीक खुणा झाल्या. इथून कापा.

कात्री तिच्या हातात होती. ती तिने केव्हा उचलली हे तिला आठवेना. अंगठा आणि बोटं जागेवर बसली होती, पातं उघडलं होतं, आणि हात निघाला होता, तीस वर्षं निघायचा तसाच. रेघ दिसली की कापायची. पात्याचं टोक कापडाला टेकलं. आतलं जे काही होतं ते स्तब्ध झालं, श्वास रोखून ट्रायलला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारखं. मावशीच्या छातीचा भाता एकदा वर झाला आणि खाली यायला फार वेळ लागला.

टाचणीने डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं.

"नाही," ती म्हणाली. "गळा मी कापणार नाही."

कात्री तिने पलंगाखाली भिरकावली. छातीशी खोचलेली सुई काढली, दुहेरी दोरा ओवला. पहिल्यांदा ओवला गेला नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा तिने सुईला अशी शिवी घातली की मावशीने एक डोळा उघडला. दोरा गेला. तिने कव्हर मांडीत दाबून धरलं. ते इतकं गरम होतं की साडीतून चटका बसत होता. आधी उजवा मुंढा. टाका घट्ट, त्यावर टाका, त्यावर गाठ. आतून कशाने तरी कापडाला रेटलं, तिच्या बोटाला बोट लागावं तसं. तिने सुई काढून पुन्हा खुपसली. मग डावा मुंढा.

राहिली खालची झडप. बटणं ताणाने उडाली होती आणि झडपेची फट उघडी पडली होती, चार बोटांची. शिवायची म्हणजे तिच्यात बघणं आलं. डोळे मिटून शिवण घालता येत नाही. तिने बघितलं.

अस्तराला लागून पांढरा कच्चा टाका होता, तिने राहू दिलेला. तो अस्तरात नव्हता. तो कातडीत होता. फिकट, निळसर कातडी, तळहाताएवढी दिसत होती, आणि बाहेर भट्टीसारखी ऊब असताना त्या कातडीवर काटा उभा होता. थंडीने फुलतो तसा, बारीक, सगळीकडे. एवढी ऊब ओढून घेऊनही ते कुडकुडत होतं.

क्षणभर तिला त्याची कीव आली. हे ती नाकारत नाही.

"थंडी वाजते?" ती त्या फटीत बोलली. "वाजू दे. माझ्या मावशीलाही वाजते. तिच्यातून ऊब घ्यायची नाही. गाठ माझ्याशी आहे."

आणि तिने फट शिवायला घेतली. अठरा टाके घातले. प्रत्येक टाक्याला ते आक्रसत होतं, आणि अठराव्याला कापडाला हिसका देऊन गप्प झालं. तिने दोरा दातांनी तोडला. तोंडात लोकर आली, ती थुंकून टाकली.

कव्हर उचलून तिने पुढच्या खोलीत नेलं, लोखंडी पेटीत घातलं, वर जुन्या, मोडक्या मशीनचं जड डोकं ठेवलं. मग परत आली, मावशीच्या पायाशी चढून बसली, आणि ते दोन्ही पाय उघडे करून स्वतःच्या पोटाला लावले. बर्फच तो. तिचे दात वाजले. ती हलली नाही. चार वाजले, पाच वाजले. बाहेर कोणीतरी दुकानाची कडी वाजवून गेलं. सहाच्या सुमाराला डाव्या पायाचा अंगठा तिच्या पोटाशी किंचित हलला.

"टाचणे," मावशी म्हणाली, "गुदगुल्या होतायत गं."

टाचणीला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने रडून घेतलं तिने.

७

सकाळी नर्सबाई आल्या त्या दवाखान्याची गाडी बोलवायच्या तयारीनेच. त्यांनी मावशीची पावलं हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली.

"गरम आहेत," त्या म्हणाल्या. "चक्क गरम आहेत. काय केलंत तुम्ही?"

"तिने काय केलं ते मला विचारा," मावशी उशीवरून म्हणाली. "रात्रभर माझे पाय पोटाशी धरून घोरत होती."

नर्सबाई हसल्या. मग टाचणीकडे वळल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "टेलरबाई, तुमच्या गळ्याला पांढरं काय लागलंय?"

टाचणी दुकानातल्या मोठ्या आरशापुढे जाऊन उभी राहिली. डाव्या कानाखालून निघून, वळण घेत, उजव्या कानापर्यंत गेलेली खडूची एकच रेघ. टोकांना दोन बारीक खुणा. पेटी जागेवर होती, वर मशीनचं डोकंही. पेटीचं लोखंड आता गारठलं होतं, त्याच्यावर दव जमलं होतं.

तिची पाचावर धारण बसली. पडद्यामागे मावशी नर्सबाईंना चहा घ्या म्हणून आग्रह करत होती, आवाज खणखणीत. टाचणीने तो ऐकला, पूर्ण ऐकला. मग गळ्यातली टेप काढून आरशात बघत रेघेवर धरली. डावीकडून मध्यापर्यंत, मग मध्यापासून उजवीकडे.

तिने ओल्या फडक्याने गळा पुसला आणि पेटीकडे तोंड केलं.

"अर्धा इंच चुकलंय," ती म्हणाली. "माप परत घे. मग ट्रायलचा दिवस देते."

टाचणीने दुकानाचं दार सताड उघडलं आणि मशीनवर बसली.